मुदतपूर्व जन्मलेल्या बालकांचे आरंभीचे हालचाल-मूल्यमापन आणि उत्तरविकास : खान्देशच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश : नवजात अर्भकाच्या स्वयंस्फूर्त हालचालींवरून त्याच्या पुढील विकासाचा अंदाज बांधता येतो, हा विचार गेल्या काही दशकांत बालवैद्यकात प्रस्थापित झाला आहे. प्रस्तुत लेखात या विचाराचा पाया असलेला १९९७ चा युरोपीय अभ्यास आणि पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील कमी वजनाच्या बालकांचा दीर्घकालीन अभ्यास यांची परस्परांच्या प्रकाशात चिकित्सा केली आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील सामाजिक वास्तवात हे ज्ञान कितपत उपयोगी पडते, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : मुदतपूर्व जन्म, स्वयंस्फूर्त हालचाली, दुरुस्त वय, सेरेब्रल पाल्सी, उत्तरविकास, स्थलांतर, खान्देश.

१. प्रास्ताविक

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी झालेला जन्म हा मुदतपूर्व जन्म होय. २०२० या वर्षी जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके मुदतीआधी जन्मली आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतातील होती, असा अंदाज आहे. मराठी समाजाला हा अनुभव नवा नाही. ‘सातमाशी’ हा शब्द भाषेत रूढ झाला, तो अशा बालकांच्या ओळखीतूनच. तथापि सातमाशी मूल जगते की नाही, एवढ्यापुरतीच लोकमानसाची जिज्ञासा दीर्घकाळ मर्यादित राहिली. जगल्यानंतर ते कसे वाढते, हा प्रश्न त्या मानाने अलीकडचा आहे.

जगण्याचा प्रश्न महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर हाताळला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगातील गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसून आले. पुढे २०११ मध्ये ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्तीच्या गृहभेटींच्या रूपाने राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग बनली. जिल्हा रुग्णालयांत विशेष नवजात काळजी कक्ष उभे राहिले. परिणामी पूर्वी जी बालके दगावली असती, ती आज घरी परतत आहेत. त्यांच्या उत्तरविकासाची जबाबदारी ही या यशातून निर्माण झालेली जबाबदारी आहे आणि म्हणूनच आरंभीच्या मूल्यमापनाचा प्रश्न केवळ तांत्रिक मानता येत नाही.

२. हालचालींची भाषा : १९९७ चा अभ्यास

हाइन्झ प्रेष्टल (१९२७-२०१४) हे मूळचे ऑस्ट्रियन संशोधक. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन आणि नंतर ऑस्ट्रियातील ग्राझ ही त्यांची कार्यक्षेत्रे होत. त्यांच्यापूर्वीची नवजात तपासणी प्रामुख्याने प्रतिक्षिप्त क्रियांवर आधारलेली होती. तपासनीस अर्भकाला काही करतो व अर्भक प्रतिसाद देते, असे तिचे स्वरूप होते. प्रेष्टल यांनी हा क्रम उलटा केला. अर्भकाला स्पर्श न करता, त्याच्याशी न बोलता, ते जागे व शांत असताना उताणे ठेवून काही मिनिटे त्याचे चित्रीकरण करावे आणि त्याच्या हातापायांची, मानेची व धडाची आपोआप होणारी हालचाल पाहावी, अशी ही पद्धत आहे. तिला ‘जनरल मूव्हमेंट्स असेसमेंट’ असे म्हणतात.

या पद्धतीत दोन कालखंड महत्त्वाचे मानले जातात. मुदतीच्या तारखेपासून पुढे सहा ते नऊ आठवड्यांपर्यंत हालचालींना वळवळण्याचे स्वरूप असते. त्यानंतर साधारणपणे नवव्या ते विसाव्या आठवड्यांत लहान, मध्यम वेगाच्या, सर्व दिशांनी होणाऱ्या हालचाली दिसू लागतात. इंग्रजीत त्यांना ‘फिजेटी’ म्हणतात आणि मराठीतील ‘चुळबुळ’ हा शब्द त्यासाठी अगदी समर्पक आहे. निरोगी मूल या काळात चुळबुळ करते. ही चुळबुळ न दिसणे हे मेंदूला इजा झाल्याचे गंभीर लक्षण समजले जाते.

१९९७ मध्ये प्रेष्टल आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी १३० अर्भकांच्या निरीक्षणावर आधारित निबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ज्या ७० बालकांत चुळबुळ प्राकृत होती, त्यांपैकी ६७ बालकांचा मज्जासंस्थेचा विकास दोन वर्षे वयापर्यंत प्राकृत आढळला. ज्या ६० बालकांत ती अप्राकृत होती किंवा मुळीच नव्हती, त्यांपैकी ५७ बालकांत विकासदोष आढळले. म्हणजेच दोष असलेल्या शंभरांपैकी सुमारे ९५ बालके या पद्धतीने ओळखली गेली आणि दोष नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ९६ बालके योग्य रीतीने वगळली गेली. २०१७ मध्ये आयोना नोवाक व सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीच्या लवकर निदानाविषयी घेतलेल्या आढाव्यात पाच महिन्यांच्या आतील बालकांसाठी मेंदूचे एम.आर.आय. चित्रण, हॅमरस्मिथ तपासणी आणि ही हालचाल-पद्धत अशी तीन साधने अग्रक्रमाने सुचविली.

या पद्धतीचे सर्वांत मोठे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. अर्भकाला इजा नाही, भूल नाही आणि महागडे यंत्रही नाही. मोबाइलचा कॅमेरा व प्रशिक्षित डोळा एवढेच साहित्य पुरते. शिवाय अर्भकाने खेळणे धरावे, सूचना पाळावी किंवा अनोळखी व्यक्तीकडे पाहून हसावे, अशी अपेक्षा तीत नसल्याने संस्कृतिभेदाचा प्रश्न बराच कमी होतो. कॅनडातील अल्बर्टा प्रांताचे नाव धारण करणारी हालचाल-श्रेणी, बडोद्याच्या मानकांवर आधारलेली विकासचाचणी किंवा १७ घटकांचा त्रिवेंद्रम विकास-तक्ता या साधनांत मूल कोणत्या महिन्यात मान धरते, कुशीवर वळते वा बसते हे मोजले जाते. मूल दिवसभर झोळीत असते की जमिनीवर, तेलमालीश होते की नाही, पालथे ठेवले जाते की नाही, यांचा या टप्प्यांवर परिणाम होणे स्वाभाविक आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत शेताच्या बांधावरील झोळीत वाढणारे मूल आणि फ्लॅटमधील चटईवर वाढणारे मूल एकाच महिन्यात रांगेल, असे गृहीत धरता येत नाही. चुळबुळ मात्र दोघांतही दिसावयास हवी.

३. संख्येमागील अर्थ

वरील टक्केवारी प्रभावी असली तरी ती कोणत्या समूहातून आली, हे विसरून चालणार नाही. १३० पैकी ६० बालकांत, म्हणजे जवळजवळ निम्म्यांत, अप्राकृत हालचाली आढळल्या. हा समूह अर्थातच सर्वसामान्य लोकसंख्येतील नव्हता. तो रुग्णालयात निवडलेला समूह होता. तीच अचूकता गृहीत धरून दोन काल्पनिक उदाहरणे घेतल्यास फरक स्पष्ट होईल.

समजा, नवजात काळजी कक्षातून घरी गेलेल्या १,००० बालकांपैकी १०० बालकांत पुढे गंभीर विकासदोष निर्माण होणार आहे. या पद्धतीने त्यांपैकी ९५ बालके ओळखली जातील आणि उरलेल्या ९०० निरोगी बालकांपैकी ३६ बालकांवर चुकीने संशय घेतला जाईल. संशयित १३१ पैकी ९५, म्हणजे सुमारे ७३ टक्के संशय खरा ठरेल. आता हीच पद्धत गावोगावच्या सरसकट १०,००० बालकांना लावली आणि त्यांपैकी केवळ २० बालकांत दोष निर्माण होणार असेल, तर १९ बालके ओळखली जातील, पण सुमारे ४०० निरोगी बालके संशयाच्या यादीत जातील. तेव्हा संशयितांपैकी पाच टक्केही बालकांबाबत संशय खरा ठरणार नाही.

साधन तेच, अचूकता तीच, परंतु अर्थ पूर्णपणे वेगळा. म्हणून ‘प्रत्येक बालकाची चाचणी’ ही घोषणा ऐकण्यास चांगली असली तरी ती अविचारी ठरू शकते. चारशे मातांना अकारण धास्ती देणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यातही मुलाच्या दोषाचे खापर आईच्या माथी फोडण्याची प्रवृत्ती ज्या समाजात अजून शिल्लक आहे, तेथे या धास्तीची किंमत अधिकच मोठी होते. हे साधन कक्षातून घरी गेलेल्या, मुदतपूर्व व अत्यल्प वजनाच्या बालकांपुरते नेमकेपणाने वापरणे हेच शास्त्राला धरून होईल.

४. पुण्याचा अभ्यास : दोन वर्षांनंतर काय?

युरोपीय अभ्यासाची दुसरी मर्यादा कालावधीची आहे. दोन वर्षांच्या मुलाची चाल पाहता येते, पण त्याचे गणित पाहता येत नाही. ही उणीव भरून काढणारा महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रातच झाला, ही अभिमानाची बाब आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात कक्षातून घरी गेलेल्या, २,००० ग्रॅमपेक्षा कमी जन्मवजनाच्या बालकांचा पाठपुरावा सुरू केला आणि तो वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत नेला. अठराव्या वर्षाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढा दीर्घ पाठपुरावा भारतात विरळाच म्हणावा लागेल.

सहाव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ९४.३ आणि तुलनेसाठी घेतलेल्या मुलांचा १०१.३ होता. बाराव्या वर्षी हे आकडे अनुक्रमे ८९.५ आणि ९७.२ असे आढळले. मुदतपूर्व जन्मलेली आणि शिवाय गर्भवयाच्या मानानेही वजन कमी असलेली मुले सर्वांत मागे होती. डोळा आणि हात यांचा मेळ, शरीराच्या हालचालींतील कौशल्य, वाचन आणि गणित यांत अडचणी आढळल्या. लक्षणीय बाब अशी की समूहाची सरासरी सामान्य मर्यादेतच होती. म्हणजे ही मुले ‘अपंग’ ठरत नव्हती. ती वर्गात बसत होती आणि मागे पडत होती.

येथे दोन्ही अभ्यास एकमेकांना प्रश्न विचारतात. चुळबुळ प्राकृत असणे म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा धोका अत्यल्प असणे, एवढे युरोपीय अभ्यासावरून म्हणता येते. परंतु त्यावरून पाचवीतील भागाकाराची हमी मिळत नाही. हालचालींवरून पुढील बौद्धिक व शालेय प्रगतीचे केले जाणारे भाकीत त्या मानाने बरेच दुबळे आहे. तेव्हा ‘हालचाल चांगली आहे, आता काळजी नको’ असे पालकांना सांगून पाठपुरावा थांबविणे हा या पद्धतीचा सर्वांत घातक गैरवापर ठरेल. पुण्याच्या अभ्यासाने मातेच्या शिक्षणासारख्या पर्यावरणीय घटकाचे वजनही अधोरेखित केले. जन्माच्या वेळी झालेले नुकसान हे अंतिम विधान नसून घर व शाळा त्यात भर घालतात किंवा त्याची भरपाई करतात, हा त्याचा मथितार्थ आहे.

अर्थात पुण्याच्या अभ्यासालाही मर्यादा आहेत. त्याचा निकष वजन हा आहे आणि त्यामुळे त्यात पूर्ण दिवसांची, पण कमी वजनाची बालकेही समाविष्ट आहेत. दुसरे असे की, अठरा वर्षे रुग्णालयाच्या संपर्कात राहू शकणारी कुटुंबे ही मुख्यतः स्थिर वस्तीची कुटुंबे असतात. सातपुड्याच्या पाड्यावरील कुटुंब त्यांत सहसा येत नाही.

५. खान्देशातील दोन घड्याळे

जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात मूळ प्रश्न साधनाचा नसून वेळेचा आहे. चुळबुळीचा नऊ ते वीस आठवड्यांचा कालखंड हा मुदतीच्या तारखेपासून, म्हणजे दुरुस्त वयानुसार मोजावयाचा असतो. सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था मात्र जन्मतारखेनुसार चालते.

उदाहरणार्थ, ३२ व्या आठवड्यात जन्मलेले बालक आठ आठवडे लवकर आलेले असते. त्याची चुळबुळ जन्मानंतर १७ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पाहावी लागेल. राष्ट्रीय लसीकरणाच्या वेळापत्रकात ६, १० व १४ आठवडे आणि त्यानंतर थेट नववा महिना अशा भेटी आहेत. १४ व्या आठवड्यात हे बालक लसीसाठी उपकेंद्रात येते, तेव्हा त्याचे दुरुस्त वय अवघे सहा आठवडे असते. त्या दिवशी चुळबुळ दिसली नाही, तर तो दोष नव्हे. ती वेळ आलेलीच नसते. आणि वेळ येते तेव्हा बालकाला उपकेंद्रात आणणारी एकही लस नसते. ज्या बालकांना या मूल्यमापनाची सर्वाधिक गरज आहे, नेमकी त्यांचीच वेळ दोन लसींच्या मधल्या पोकळीत हरवते.

याउलट मुदतपूर्व बालकांच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते. अत्यंत लवकर जन्मलेल्यांच्या बाबतीत ती त्याहूनही आधी करावी लागते. तेथे जन्मतारीखच प्रमाण आहे. एकाच बालकाच्या डोळ्यांसाठी एक घड्याळ आणि हातापायांसाठी दुसरे, ही गोष्ट कक्षातून घरी सोडताना मातेला समजेल अशा शब्दांत सांगितली गेली नाही, तर दोन्ही वेळा चुकण्याची शक्यता आहे.

यावर उपाय विद्यमान व्यवस्थेतच दडलेला आहे. २०१८ पासूनच्या गृहाधारित बालसंगोपन कार्यक्रमात आशा कार्यकर्तीने ३, ६, ९, १२ व १५ महिन्यांना भेटी देणे अपेक्षित आहे. यांतील सहाव्या महिन्याची भेट २८ ते ३४ आठवड्यांत जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत दुरुस्त वयाच्या साधारण १४ ते २० आठवड्यांत पडते. हाच उष्टावणाचा महिना होय. घरात मुलाचे कौतुक चालू असताना, ते उताणे खेळत असताना तीन मिनिटांचे चित्रीकरण करणे अशक्य नाही. आशाने निदान करावयाचे नाही. तिने फक्त चित्रीकरण पाठवावयाचे आणि ते पाहण्याचे काम प्रशिक्षित तज्ज्ञाने करावयाचे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पालकांनीच मोबाइलवर असे चित्रण करून पाठविण्याचा प्रयोग झालेला आहे.

परंतु या उपायालाही खान्देशातील तीन वास्तवे छेद देतात. पहिले म्हणजे गर्भवयाची अनिश्चितता. आरंभीची सोनोग्राफी झालेली नसेल, तर पाळीची तारीख आठवणीवर अवलंबून राहते आणि ती आठवण ‘आखाजीच्या आधी’ किंवा ‘पोळ्यानंतर’ अशी सणांच्या आधाराने सांगितली जाते. तीत तीन-चार आठवड्यांची चूक झाली, तर दुरुस्त वयही तेवढेच चुकते. दुसरे म्हणजे माहेरचे बाळंतपण. पहिल्या खेपेस मुलगी माहेरी येते, तेथील रुग्णालयात नोंद होते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बाळ सासरी जाते. माहेरच्या आशाची वही सासरच्या आशापर्यंत पोहोचतेच असे नाही.

तिसरे आणि सर्वांत कठोर वास्तव स्थलांतराचे आहे. धुळे जिल्ह्यातून (१ जुलै १९९८ पूर्वी नंदुरबारही याच जिल्ह्यात होते) ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या मजुरांचे जीवन डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून अभ्यासले आहे. बारडोली परिसरातील साखर कारखान्यांसाठी खान्देशातून येणाऱ्या टोळ्या त्यांच्या लेखनात ठळकपणे येतात. ऊसतोडीचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. जुलैच्या आरंभी ३२ व्या आठवड्यात जन्मलेल्या बालकाची चुळबुळ पाहण्याचा काळ ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत येतो. त्या काळात ते बालक उसाच्या फडाशेजारील कोपीत असते. गावातील आशाच्या यादीत त्याचे नाव असते, ते स्वतः नसते.

६. मूल्यमापनानंतर

मूल्यमापनाची खरी कसोटी त्यानंतर काय मिळते यात आहे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र ही त्याची कल्पना आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सेरेब्रल पाल्सीचा स्वतंत्रपणे उल्लेख केला. म्हणजे कागदावर साखळी पूर्ण आहे.

तथापि भौतिकोपचार आठवड्यातून अनेकदा आणि महिनोन् महिने करावा लागतो. शिरपूर ते धुळे हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर आहे आणि शिरपूर तालुक्यातील डोंगरपट्ट्यातून शिरपूरला येणे हा त्याआधीचा वेगळा प्रवास आहे. रोजगार बुडवून असा प्रवास दीर्घकाळ करणे मजूर कुटुंबाला परवडत नाही. म्हणून व्यायाम मातेच्या हाती देणे, अंगणवाडीत त्याची उजळणी घेणे आणि हे सर्व अहिराणी, पावरी वा लेवा गणबोलीत सांगणे आवश्यक ठरते. हालचाल पाहण्यासाठी भाषा लागत नाही, पण तिचा अर्थ सांगण्यासाठी भाषा लागते. प्रमाण मराठीतील छापील पत्रक हातात देऊन हे कार्य साधणार नाही.

शाळेचाही यात वाटा आहे. पुण्याच्या अभ्यासातील बारा वर्षांच्या मुलांप्रमाणे, ज्यांचा हात अक्षरावर स्थिरावत नाही आणि आकडे रकान्यात बसत नाहीत, अशी मुले खान्देशातील जिल्हा परिषदेच्या शाळांतही असणार. त्यांच्या जन्माचा इतिहास शिक्षकाला ठाऊक नसतो आणि त्यांना ‘ढ’ ठरवून विषय संपविला जातो. जन्माची नोंद शाळेपर्यंत नेणारा दुवा आज नाही. शिक्षणशास्त्र महाविद्यालये आणि अध्यापक प्रशिक्षण अभ्यासक्रम यांनी या विषयाची दखल घेणे अगत्याचे आहे.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) स्वयंस्फूर्त हालचालींचे मूल्यमापन ही कमी खर्चाची व उच्च अचूकतेची पद्धत आहे. परंतु ती जोखमीच्या बालकांपुरती वापरणेच योग्य होय. सरसकट वापर केल्यास खोट्या संशयांची संख्या खऱ्या निदानांपेक्षा कितीतरी अधिक होईल.

२) ही पद्धत प्रामुख्याने सेरेब्रल पाल्सीविषयी बोलते. शालेय विकासाविषयीचा प्रश्न पुण्याच्या अभ्यासाने दाखविल्याप्रमाणे वेगळा व दीर्घ पल्ल्याचा आहे. म्हणून प्राकृत निष्कर्षानंतरही पाठपुरावा शाळाप्रवेशापर्यंत चालू राहिला पाहिजे.

३) मुदतपूर्व बालकाच्या माता-बाल संरक्षण पत्रावर जन्मतारखेबरोबर मुदतीची तारीखही ठळकपणे नोंदविली जावी आणि हालचाल पाहण्याचा आठवडा त्यावरून काढून कक्षातच लिहून द्यावा.

४) सहाव्या महिन्याची गृहभेट ही या कामासाठी सर्वांत सोयीची वेळ आहे. स्थलांतरित कुटुंबांसाठी हे पत्र मातेजवळच राहिले पाहिजे आणि ते गुजरातेतही ग्राह्य धरले गेले पाहिजे.

५) धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, समाजकार्य व शिक्षणशास्त्र महाविद्यालये आणि विद्यापीठातील भाषाविभाग यांनी एकत्र येऊन खान्देशातील बालकांचा स्वतंत्र पाठपुरावा हाती घेतल्यास पुण्याच्या अभ्यासातून सुटलेला समाज अभ्यासाच्या कक्षेत येऊ शकेल.

ग्राझ येथे तीन मिनिटे पाहणारा डोळा सिद्ध झाला आणि पुण्यात अठरा वर्षे वाट पाहणारा धीर. खान्देशातील मुदतपूर्व बालकाला या दोहोंची गरज आहे. मात्र त्याआधी ते बालक नेमक्या आठवड्यात कोठे असेल, याची नोंद कोणाकडे तरी असली पाहिजे.